दहा पेल्यांचा हिशेब : हातापायांनी चालणाऱ्या जलशुद्धीकरण साधनांची वापर-चाचणी

हाताने किंवा पायाने चालवायच्या जलशुद्धीकरण साधनात वीज आणि इंधन यांचे काम माणसाच्या अंगातला जोर करतो. दांडा हापसला, पायडल मारले, बाटलीचा पंप दाबला किंवा नळी तोंडात धरून पाणी ओढले, की गढूळ पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून पलीकडे जाते आणि पिण्याजोगे होते. पुरात वीज गेलेली गावे, निर्वासितांच्या छावण्या, डोंगरातल्या वाड्या, समुद्रात भरकटलेल्या होड्या अशा ठिकाणी ही साधने उपयोगी पडतात. त्यांतून निघालेले पाणी प्रयोगशाळेत तपासले जाते आणि ते तपासलेच पाहिजे. मात्र दिवसभर शेतात राबून आलेली बाई संध्याकाळी हा दांडा हापसेल का, हे पाण्याच्या तपासणीतून कळत नाही. त्याचे उत्तर शोधण्याची पद्धतशीर रीत म्हणजे वापरसुलभतेची चाचणी.

जोर किती लागतो

पाणी उकळण्यापेक्षा गाळायला ऊर्जा फारच कमी लागते. माणसाच्या जोरावर पाणी शुद्ध करता येते ते या फरकामुळेच. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी एक बार दाबाने, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढ्या दाबाने, गाळणीतून ढकलायला हिशेबाने अवघे १०० ज्यूल पुरतात. एक लिटर पाणी दहा मीटर वर उचलायलाही जवळपास तेवढेच कष्ट पडतात. सराव नसलेला निरोगी प्रौढ माणूस पायडल मारत साधारण ७५ वॅट, म्हणजे सेकंदाला ७५ ज्यूल, बराच वेळ देऊ शकतो. तेवढ्या जोरावर लिटरभर पाणी उकळायचे तर तासाहून अधिक वेळ पायडल मारावे लागेल. गाळायचे तर घर्षणात आणि झडपांत निम्मीअधिक शक्ती वाया जाऊनही काम काही सेकंदांत होते.

गाळणीची छिद्रे जितकी बारीक, तितका दाब जास्त लावावा लागतो. जिआर्डियासारख्या परजीवींची पुटी आठ ते बारा मायक्रॉनची असते, म्हणून ती सहज अडते. जिवाणू अडवायला ०.२ मायक्रॉनच्या आसपासची छिद्रे लागतात. विषाणू त्याहून कितीतरी लहान, पोलिओचा विषाणू तर सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो. त्यांच्यासाठी अतिसूक्ष्म गाळणपटल लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या अशा पटलांवर काम झाले आहे. समुद्राचे पाणी गोडे करायचे असेल तर मीठच मागे ठेवावे लागते आणि दाब एकदम पन्नास बारच्या घरात जातो. जीवरक्षक तराफ्यांवर ठेवला जाणारा ‘कॅटाडिन सर्व्हायव्हर ०६’ हा हातपंप मिनिटाला चाळीस वेळा दाबत राहिले, तर तासाभरात जेमतेम एक लिटरच्या आत गोडे पाणी देतो. तहानेने जीव जाण्याची वेळ आलेला माणूस एवढे कष्ट करील, पण घरातली रोजची कळशी अशा पंपावर भरणे शक्य नाही. त्यामुळे साधन कोणी, कुठे आणि कशासाठी वापरायचे आहे हे चाचणीच्या आधीच ठरवावे लागते.

आजवरच्या साधनांत बरेच प्रकार आहेत. ‘लाइफस्ट्रॉ’ या नळीत फुप्फुसांच्या जोराने पाणी ओढले जाते. २००७ साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘लाइफसेव्हर’ बाटलीला तळाशी हातपंप आहे आणि तिच्या पटलाची छिद्रे १५ नॅनोमीटरची आहेत. जपानच्या ‘सायक्लोक्लीन’मध्ये पंप आणि गाळण्या सायकलवरच बसवलेल्या असतात, ती मिनिटाला सुमारे पाच लिटर पाणी देते. अमेरिकेतल्या आयडिओ या रचनासंस्थेच्या चमूने २००७ मध्ये ‘ॲक्वाडक्ट’ ही तीनचाकी मांडली. पाणवठ्यावरून घरी येता येताच पायडलच्या जोरावर पाणी गाळले जावे आणि घरी पोचल्यावर चाके सोडवून उरलेले पाणी जागच्या जागी पायडल मारून गाळता यावे, अशी तिची योजना होती. पाणी आणण्याची खेप आणि पाणी गाळण्याचे काम वेगवेगळे ठेवले तर दमलेला माणूस दुसरे काम टाळतो, ही तिच्यामागची जाण महत्त्वाची आहे.

दोन वेगळ्या परीक्षा

पाण्याची परीक्षा आणि वापराची परीक्षा यांचे निकष वेगळे असतात. घरगुती जलशुद्धीकरण साधने पारखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली एक योजना सुरू केली. तिच्यात तीन तारे मिळवायचे तर साधनाने किमान ९९.९९ टक्के जिवाणू व परजीवी आणि ९९.९९९ टक्के विषाणू दूर करावे लागतात. वापराच्या परीक्षेचा पाया आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात आहे. ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती अचूक साधते, त्यासाठी किती वेळ आणि श्रम पडतात आणि शेवटी समाधान वाटते का, या तीन बाजूंनी वापरसुलभता पाहावी असे ते मानक सांगते. ते मुळात संगणकाच्या कामासाठी लिहिले गेले, तरी दांडा आणि पायडल यांनाही तितकेच लागू पडते.

या दोन परीक्षांचा एकमेकींशी संबंध काय, हे दहा पेल्यांच्या हिशेबावरून कळते. समजा, एक माणूस दिवसाला दहा पेले पाणी पितो आणि न गाळलेल्या प्रत्येक पेल्यात दहा हजार जंतू आहेत. ९९.९९ टक्के जंतू काढणाऱ्या उत्तम साधनातून नऊ पेले गाळले, तर त्या नऊ पेल्यांत मिळून नऊच जंतू उरतात. पण दहावा पेला हात दुखला म्हणून, घाई होती म्हणून किंवा दांडा अडकला म्हणून तसाच प्यायला गेला, तर पोटात एकूण दहा हजार नऊ जंतू जातात. आता दुसरे साधन ९९ टक्केच जंतू काढणारे, पण हलके आणि सोपे असल्याने दहाही पेल्यांसाठी वापरले जाणारे आहे असे धरू. त्यातून एकूण एक हजार जंतू पोटात जातात. प्रयोगशाळेत शंभर पट मागे पडलेले साधन घरात दहा पट सरस ठरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात हेच व्यापक पातळीवर दिसले. शुद्ध पाण्याचा वापर शंभर टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर घसरला, तर अपेक्षित आरोग्यलाभ ९६ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे साधन हाताळायला सोपे असणे ही शुद्धतेवरची जादाची सोय नसते. प्यायलेले पाणी किती शुद्ध होते, ते त्यावरच ठरते.

चाचणीची तयारी

पहिले काम माणसे निवडण्याचे. पाच जणांकडून चाचणी करून घेतली तर सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, हा जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या अभ्यासावरून रूढ झालेला ठोकताळा आहे. तो एकसारख्या वापरकर्त्यांच्या एका गटापुरता खरा मानावा. पाण्याचे काम घरात अनेकांकडे असते. तरुण बाई, म्हातारी सासू, दहा-बारा वर्षांची मुलगी आणि गरोदर स्त्री यांच्या हातांचा जोर, उंची आणि वाकण्याची मर्यादा वेगवेगळी. म्हणून प्रत्येक गटातून काही जण घ्यावे लागतात. फक्त तरुण पुरुषांनी पास केलेला पंप घरात नापास होण्याचा धोका असतो, कारण घरातले पाणी बहुतेक ठिकाणी बायकाच भरतात.

दुसरे काम कामांची यादी ठरवण्याचे. खोक्यातून साधन काढून जोडणे, कच्चे पाणी भरणे, पहिला पेला मिळवणे, वीस लिटरचा हंडा भरणे, गाळणी तुंबली हे ओळखणे, ती धुणे, साधन सुकवून ठेवणे, सुटा भाग बदलणे अशी ती यादी असते. प्रत्येक कामासाठी ‘जमले’ कशाला म्हणायचे हे आधी लिहून ठेवतात. तिसरे काम पाण्याचे. नळाचे नितळ पाणी घेऊन केलेली चाचणी फसवी ठरते. आषाढातल्या नदीचे तांबूस, मातकट पाणी काही लिटरांतच गाळणी तुंबवते आणि दांडा जड होतो. म्हणून ठरावीक गढूळपणाचे पाणी मुद्दाम तयार करून किंवा त्या भागातलेच पाणी वापरून चाचणी करतात. नमुना-साधनातून निघालेले पाणी सहभागी व्यक्तींना प्यायला द्यायचे नाही, हा नियम मात्र पाळावाच लागतो. त्यांच्यासाठी खात्रीचे पाणी वेगळे ठेवतात.

चाचणी चालू असताना

सहभागी व्यक्तीला सुरुवातीलाच सांगतात की परीक्षा या वस्तूची आहे, तुमची नाही. वाटेल तेव्हा थांबा. मग साधन हातात देऊन निरीक्षक बाजूला बसतो. करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगण्याची पद्धत उपयोगी असते, पण खेड्यात तिला मर्यादा पडतात. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला नावे ठेवणे बरे दिसत नाही, म्हणून ‘चांगलं आहे’ हे उत्तर हमखास येते. त्यामुळे तोंडच्या शब्दांपेक्षा हातांच्या हालचालींवर लक्ष ठेवावे लागते.

अशा चाचणीत काय दिसू शकते, याचे नमुन्यादाखल चित्र असे. ओसरीवर सारवलेली जमीन, एका अंगाला गढूळ पाण्याची बादली, दुसऱ्या अंगाला रिकामी कळशी. बाई उकिडवी बसते आणि पंपाचा दांडा धरते. चौथ्या-पाचव्या हापशाला पंपाची बैठक सरकते, तेव्हा ती डाव्या पायाच्या अंगठ्याने बैठक दाबून धरते. दांडा खाली येताना गुडघ्याला लागतो, म्हणून ती तिरकी होते आणि आता सगळा भार एकाच खांद्यावर येतो. तिसऱ्या लिटरला ती हात बदलते. सहाव्या लिटरला थांबून पदराने कपाळ पुसते. स्वच्छ पाण्याची नळी कळशीतून निसटून जमिनीवर पडते. ती उचलून, पदराला पुसून पुन्हा कळशीत सोडते. विचारले तर ती म्हणते, ‘सोपं आहे की.’ निरीक्षकाच्या वहीत मात्र चार दोष लिहिले गेलेले असतात : बैठक सरकते, दांड्याची वाट गुडघ्यातून जाते, सहा लिटरांनंतर विसावा लागतो आणि स्वच्छ नळीला अडकवायला जागा नाही. यांतला चौथा दोष सगळ्यांत गंभीर आहे, कारण त्याने गाळलेले पाणी पुन्हा दूषित होते.

चुकांची प्रतवारी याच कसोटीने करतात. वेळ खाणारी चूक वेगळी आणि आजारी पाडणारी चूक वेगळी. कच्च्या आणि शुद्ध पाण्याच्या नळ्यांची अदलाबदल, झाकण उलटे बसवणे, फाटलेल्या पटलातून पाणी काढत राहणे या चुका दुसऱ्या प्रकारातल्या. शंभरात एकाच्या हातूनही त्या होता कामा नयेत. म्हणून दोन्ही नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या मापाची ठेवून एक दुसऱ्यात बसूच नये अशी रचना करतात. पत्रकावर सूचना छापण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा, कारण पत्रक हरवते आणि वाचता न येणाऱ्याला त्याचा उपयोगही नसतो.

श्रम मोजण्याच्या दोन वाटा आहेत. एक अंगावरून : नाडीचे ठोके, मिनिटाला किती हापसे आणि दांड्यावर पडणारा जोर. दुसरी जाणिवेवरून : स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांच्या मोजपट्टीवर सहभागी व्यक्ती आपल्याला पडलेल्या कष्टांना ६ ते २० पैकी आकडा देते. हा आकडा दहाने गुणला की निरोगी प्रौढाच्या नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो, अशी ती पट्टी बेतलेली आहे. सोयीविषयीचे मत मोजायला जॉन ब्रुक यांची १९८६ मधली दहा विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा निकाल शून्य ते शंभर गुणांत येतो. तिची वाक्ये ग्रामीण बोलीत आणून, वाचून दाखवावी लागतात.

गाळणी धुण्याच्या कामाला स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. पोकळ तंतूंचे पटल तुंबले की उलट्या दिशेने स्वच्छ पाणी मारून ते मोकळे करतात. म्हणजे कष्टाने गाळलेले थोडे पाणी पुन्हा धुण्यात घालवायचे. पाणीटंचाईच्या घरात हे जिवावर येते आणि धुणे पुढे ढकलले जाते. मग दांडा रोज थोडा जड होतो आणि एक दिवस साधन फळीवर जाते. यावर उपाय गाळणीच्या आधीच गाळण्याचा. फडक्याने गाळणे आणि तुरटी फिरवणे या जुन्या घरगुती रीती इथे नव्या पटलाचे आयुष्य वाढवतात.

घरातले दिवस

तासाभराच्या चाचणीत वस्तू वापरता येते का ते कळते. ती वापरली जाते का, हे कळायला घरात काही महिने काढावे लागतात. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा ३१ टक्के बायका अजूनही पाणी गाळत होत्या. साडी घरातलीच, खर्च शून्य, शिकायला काही अवघड नाही, तरीही हे प्रमाण. इथिओपियाच्या खेड्यांत ‘लाइफस्ट्रॉ’ नळी देऊन केलेल्या चाचणीतही नियमित वापर कमीच आढळला. मग ज्या साधनाला दांडा हापसावा लागतो, त्याची कसोटी किती कडक असायला हवी याची कल्पना येते.

वापर मोजण्यासाठी नुसते विचारणे पुरत नाही. न सांगता भेट देऊन साधन ओले आहे की धूळ खाते आहे ते पाहतात, माठातले पाणी तपासतात किंवा साधनात हापसे मोजणारा यंत्रभाग बसवतात. रवांडात घरगुती गाळण्यांना इलेक्ट्रॉनिक संवेदक लावले होते. ज्या घरांना त्यांची कल्पना दिली होती, त्यांचा वापर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त दिसला. आपल्याकडे कोणी पाहते आहे या जाणिवेनेच वागणे बदलते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्याच्या आकड्यांवर निष्कर्ष काढणे धोक्याचे.

चुकलेली आणि साधलेली चाचणी

जोर, वेळ आणि माणूस यांचा हिशेब आधी न केल्याने काय होते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’. तो पाणी शुद्ध करत नसे, फक्त उपसत असे, पण धडा तोच आहे. मुलांनी चक्रीवर खेळायचे आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी वरच्या टाकीत चढायचे, अशी ती कल्पना. २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली आणि २०१० पर्यंत चार हजार पंपांचे लक्ष्य ठेवले गेले. एका पंपावर २५०० माणसे, माणशी १५ लिटर आणि पंपाचे उत्पादन ताशी १४०० लिटर असा हिशेब मांडला, तर मुलांनी दिवसाचे सत्तावीस तास खेळायला हवे. प्रत्यक्षात मुले कंटाळली की बायकांनाच ती जड चक्री ढकलावी लागे, आणि वयस्क बायकांना चारचौघांत त्याचा संकोच वाटे. एका गावी, एका दिवशी, एका टाकीपुरती नीट चाचणी केली असती तरी हे दिसले असते.

याउलट वाट महाराष्ट्रातूनही गेलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांत देशभर विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे हापसे बसले. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेल्या परदेशी पंपांच्या नकला होते. इथे त्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव हापसत असे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश हापसे बंद आढळले. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनरी कामातल्या कारागिरांनी मोडलेले पंप दुरुस्त करता करता त्यांची रचनाच बदलली. दांड्याची अनेक सांध्यांची जोडणी काढून एकच भक्कम आस ठेवला आणि दट्ट्याची सळई साखळीने सरळ ओढली जाईल अशी सोय केली. सोलापूरच्या या पंपाच्या पायावर युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ तयार झाला, कोइम्बतूर परिसरातल्या विहिरींवर प्रत्यक्ष गर्दीच्या वापरात पारखला गेला आणि १९७९ साली त्याचे भारतीय मानक झाले. ऐंशीच्या दशकात आलेल्या ‘मार्क तीन’मध्ये आणखी एक गोष्ट सुधारली : सगळे पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येऊ लागला, म्हणजे वॉशर बदलायचे काम गावातच होऊ लागले. दुरुस्ती कोण आणि कशाने करणार, हाही वापरसुलभतेचाच प्रश्न आहे, हे त्यातून ठरून गेले.

निकाल आणि फेरबदल

चाचणीचा शेवट गुणपत्रिकेने होत नाही. आढळलेले दोष गंभीरपणानुसार लावतात : आधी पाणी पुन्हा दूषित करणारे, मग काम अडवणारे, मग दमवणारे, शेवटी नुसते त्रासदायक. वरचे दोष दुरुस्त करून नवा नमुना बनवतात आणि तीच कामे, त्याच प्रकारच्या माणसांकडून पुन्हा करवून घेतात. दोन फेऱ्यांतले आकडे शेजारी ठेवले की सुधारणा खरी की भासाची हे दिसते : वीस लिटरांना लागलेली मिनिटे, विसाव्यांची संख्या, बोर्ग पट्टीवरचा आकडा, गंभीर चुका. दांडा चार बोटे लांब केल्याने जोर कमी लागला, पण बुटक्या मुलीचा हात पोचेनासा झाला, असेही घडते. म्हणून एका गटाची सोय करताना दुसऱ्या गटाची गैरसोय झाली नाही ना, हे प्रत्येक फेरीत पाहतात.

पाण्याची तपासणीही या फेऱ्यांबरोबर चालू ठेवावी लागते, आणि तिच्यासाठी नमुना गाळणीच्या तोंडाशी न घेता पिणाऱ्याच्या पेल्यातून घ्यावा लागतो. गाळणी, दांडा, नळी, कळशी, ओगराळे आणि त्यांना लागणारे हात अशी सगळी साखळी त्या एका पेल्यात तपासली जाते. तो पेला सहा महिन्यांनंतरही स्वच्छ निघाला आणि साधन फळीवर न जाता ओसरीवर ओले आढळले, की चाचणी पुरी झाली असे मानता येते.